एकटीचा कोपरा

सकाळपासून आर्लिसच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या वड्या थापणं चाललं होतं. दर चार वर्षांनी, ऐन फेब्रुवारीत, अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या लहानशा गावात पक्षाची सभा भरायची आणि दर सभेला टोस्ट्रडांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, घरून वड्या जायच्या. वड्या कुणी करायच्या हे ठरलेलं होतं, आणि करणारीनं सभेत कुठं उभं राहायचं तेही.

"वहिनी, संध्याकाळी तयार राहा, गाडी घेऊन येतो," दीर ऑरव्हिल दारातूनच म्हणाला. बुटांवरचा बर्फ झटकायचीही तसदी त्यानं घेतली नाही. "यंदाच्या उमेदवारांत आपण सगळे गव्हर्नरसाहेबांकडं. लक्षात असू द्या."

"मला कुणी विचारलं नाही, भाऊजी."

ऑरव्हिल हसला. "व्हर्लिननं तरी कधी विचारलं होतं तुम्हाला?"

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. व्हर्लिन तिचा नवरा. माणूस भला, पण सभेत तिचं कोपर धरून भावाच्या, ऑरव्हिलच्या, शेजारी नेऊन उभं करायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. गावातलं इस्पितळ तोवर बंद पडलेलं. लांबच्या शहरात नेताना तो रुग्णवाहिकेतच गेला, तिचा हात धरून. आर्लिस अजून सकाळी दोन कप मांडायची आणि मग एक गुपचूप परत ठेवायची. यंदा एकच उमेदवार, पश्चिमेकडची एक सिनेटर बाई, खेड्यांतली इस्पितळं पुन्हा उघडू म्हणत होती. आर्लिसला तिच्यासाठी उभं राहायचं होतं. बस, एवढंच.

एवढंच म्हणे! अहो, या सभेत मतपेटी नसते, पडदा नसतो. शाळेच्या व्यायामशाळेत प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. ज्याला जो हवा, त्याच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत चालत जायचं. मग डोकी मोजायची. कोपऱ्यात पुरेशी माणसं भरली तर त्याचे प्रतिनिधी जिल्ह्याच्या अधिवेशनाला जातात, त्यांतले काही राज्याच्या, आणि शेवटी मोजके, देशाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मोठ्या अधिवेशनाला. माणसं कमी पडली तर कोपरा मोडतो आणि त्यातल्यांनी दुसरा धरायचा. खुली लोकशाही म्हणून या पद्धतीचे गोडवे गातात. नवऱ्याच्या आणि दिराच्या डोळ्यांसमोर बाई कुठल्या कोपऱ्यात जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

कोपरा टिकायला पाच जण लागत. "तू, मी आणि आपल्या त्या तिघी मैत्रिणी," शेजारची जोलीन गेल्याच आठवड्यात याच ओट्याशी कॉफी पीत म्हणाली होती. "डुएन गेला उडत! नवरा असला म्हणून काय झालं? मी येणार म्हणजे येणार."

संध्याकाळी व्यायामशाळा भरली. सभेचा अध्यक्ष ऑरव्हिलच. "चला मंडळी, आपापले कोपरे धरा," त्यानं पुकारलं. आर्लिस उठली आणि धावफलकाखालच्या, सिनेटर बाईच्या मोकळ्या कोपऱ्याकडं निघाली. लाकडी जमिनीवर तिचे ओले बूट करकरत होते. कोपऱ्यात पोचून तिनं मागं वळून पाहिलं. जोलीन उठली होती, दोन पावलं चाललीही होती.

"जोलीन, माझा कोट धर गं जरा," डुएननं गव्हर्नरांच्या कोपऱ्यातून हाक मारली.

जोलीननं जाऊन कोट घेतला आणि कोट हातात घेऊन ती तिथंच उभी राहिली. त्या तिघींनी ते पाहिलं, माना खाली घातल्या आणि नवऱ्यांच्या मागून गेल्या.

"काय आर्लिस, वेगळी चूल मांडली का?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

ऑरव्हिल जवळ आला. आवाज खाली, पण दातओठ खात. "एका माणसाचा कोपरा होत नाही, वहिनी. चला तिकडं. लोक बघतायत."

"बघू देत की. बघायलाच तर उभं करता ना इथं?"

"थोडा वेळ आहे अजून. नाही आलात तर तुमचं डोकं कुठंच धरता येणार नाही. नियम आहे."

"मग नका धरू." ती हलली नाही. "रुग्णवाहिकेत व्हर्लिनजवळ मी होते, भाऊजी. तुम्ही नव्हता."

ऑरव्हिल निघून गेला आणि आर्लिस तिथंच उभी राहिली. समोर सगळं ओळखीचं गाव होतं. व्हर्लिनला मूठमाती द्यायला आलेले हेच लोक, तिला मिठी मारून रडलेले हेच लोक. आता तिच्या वड्या खात होते आणि तिच्याकडं पाहायचं टाळत होते. इतकं एकटं तिला त्याच्या थडग्यापाशीही वाटलं नव्हतं.

मोजणी झाली. मोजणाऱ्या मास्तरीणबाई घुटमळल्या. "दारातून आत आलेल्यांपेक्षा एक माणूस कमी भरतंय."

सगळ्यांनी धावफलकाखाली पाहिलं.

"बरोबर आहे ते," ऑरव्हिल म्हणाला. "पुढचं घ्या."

बरोबर आहे! एक जितीजागती बाई सगळ्यांसमोर उभी, आणि ती हिशेबात नाही हेच बरोबर. वाचकहो, बाईचं तोंड गप्प करायला दरवेळी मारझोड लागत नाही. एक कोट धरायला दिला तरी पुरतं. तुमच्या घरात आज कुणाच्या हातात कोणाचा कोट आहे, तेवढं पाहा.

सभा उठली. दिराच्या गाडीकडं न जाता आर्लिस रिकामं ताट घेऊन बर्फातून पायी निघाली. फाटकाशी जोलीननं तिला गाठलं. डुएनचा कोट अजून तिच्याच हातात होता.

"माझ्यावर रागावू नकोस गं. पुढच्या वेळी नक्की येते."

"पुढची वेळ चार वर्षांनी," आर्लिस म्हणाली. "तोवर त्या रुग्णवाहिकेत आणखी कोण कोण जाईल, कुणास ठाऊक. तुझा डुएनही असेल एखादवेळेस." जोलीनचे डोळे भरून आले. आर्लिसनं तिच्या हातातला कोट काढून घेतला आणि फाटकाच्या खांबावर टाकला. "उद्या दुपारी तुझ्याकडं येते. त्या तिघींनाही बोलाव. आधी उभं राहायला शिकू."