पुढच्या दशैंचा टिळा

नेपाळातल्या पोखऱ्यात एकट्या बाईला भाड्याने खोली मिळणं मुश्कीलच. नवरा वारला असं सांगितलं की रिकाम्या खोल्यासुद्धा तेवढ्यात भरून जात. सात महिन्यांत पबित्राने दोनदा बोचकी बांधली आणि तिसऱ्या दारात सरळ खोटं बोलली, की नवरा कतारला कामाला आहे. कतार तेवढं खरं होतं. फाल्गुनात तिथूनच त्याची शवपेटी आली होती.

खोटं निभवायचं म्हणून तिने पुन्हा भांगात सिंदूर भरला, गळ्यात लाल पोत घातली. आरशात बघायची तिला लाज वाटे. पण सात वर्षांच्या निरोजची शाळा याच गल्लीत होती आणि पोर आता कुठे पोटभर जेवू लागलं होतं. बापाला अग्नी त्यानेच दिला होता. वर्षभर पांढरे कपडे घालायचे, सणाचा टिळा लावायचा नाही, असं भटजींनी बजावलं होतं. पांढरे कपडे पबित्राने ट्रंकेच्या तळाशी दडवले. दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, टिळ्याच्या दिवशी पहाटेच तळ्याकाठी सटकायचं, असा तिचा बेत होता.

पण घरमालकीण तिच्याहून लवकर उठणारी. सगळे तिला आमा, म्हणजे आई, म्हणत. जिभेची तिखट, मुलं दोन्ही ऑस्ट्रेलियात, त्यामुळे टिळा लावायला घरात कपाळच नाही. जिन्याखाली ती लाल अक्षतांचं ताट आणि जवाचे पिवळे कोंब घेऊन उभीच होती.

निरोजने दोन्ही हातांनी कपाळ झाकलं.

"का रे, साहेब झालास होय?" आमाने त्याचे हात बाजूला केले. पोराने आईकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. घाटावर मिटले होते तसेच. एक टिळा लावू दिला असता तर खोली राहिली असती. पबित्राच्याने ते होईना.

"नका लावू, आमा. त्याच्या बाबांचं वर्ष चालू आहे."

आमाचा हात थांबला. तिने पबित्राच्या भांगाकडे पाहिलं.

"खरं सांगितलं असतंस तर मी खोली दिली असती का?"

"नसती दिली."

"नसतीच दिली," आमा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

पबित्रा वर येऊन बोचकी बांधू लागली. तिसरं बांधून होतंय तोवर आमा धापा टाकत दारात आली. हातात तांदळाच्या पिठाच्या, तळलेल्या गरम सेल रोट्यांची थाळी होती.

"पांढरे कपडे घाल त्याला," ती पबित्राला म्हणाली. "बापाचं वर्ष चोरून पाळायचं नसतं." मग निरोजकडे वळली. "तुला पुढच्या दशैंला लावीन. तेव्हा हात मधे आणलास तर बघ."

निरोजने थाळीतून तोडलेला घास तसाच हातात धरला. "पुढच्या दशैंला आम्ही इथंच असू?"

त्याने आईकडे बघत विचारलं. उत्तर आमानेच दिलं.

"मग टिळा काय टपालाने पाठवू?"