बिनतेलाची कचोरी

वजुभाई जिना चढून घरात आले तेव्हाच छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं. तरी त्यांनी बूट जागच्या जागी काढले, घोटभर पाणी प्यायलं आणि कुणी विचारलेलं नसताना सांगून टाकलं, "आज तळ्याला पुरी फेरी मारली हं."

पुरी कसली, अर्धी. जामनगरात सकाळी निम्मं गाव तळ्याभोवती चालतं, आणि त्यातलं निम्मं शेवटी फरसाणवाल्या भावनभाईच्या कढईपुढे जाऊन उभं राहतं. गेल्या वर्षी वजुभाईंना झटका आला, दोन स्टेंट बसले. चाला, मीठ कमी करा, तळलेलं बंद, गोळ्या चुकवू नका आणि छातीत जरा काही वाटलं की वाट न बघता या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वजुभाईंनी पहिले काही महिने सगळं पाळलं, अगदी मन लावून. पण चालायला सोबत होती जटुभाईंची, आणि जटुभाई म्हणजे असा माणूस की देवळात नेला तरी आधी प्रसादाची चौकशी करेल. चालण्यात जेवढं जिरलं तेवढं खायला आपण मोकळे, हा त्यांचा हिशेब. पहिल्यांदा वजुभाईंनी नुसता वास घेतला. मग एक तुकडा मोडला. आता रोज गरम गाठिये, वर तळलेल्या मिरच्या आणि कच्च्या पपईचा कीस परतलेला संभारो. तोंड पुसायचं, बडीशेप चघळायची आणि साळसूदपणे घरी यायचं.

समोर रसीलाबेन जमिनीवर बसून हिरव्या तुरीचे दाणे सोलत होत्या. वजुभाईंचं तळलेलं बंद झालं त्या दिवसापासून या बाईनं स्वतःही सोडलं होतं. नवऱ्यानं फिकं खायचं आणि मी समोर बसून लोणचं चाटायचं, हे मला जमणार नाही, म्हणाल्या. ज्या बाईला गाठियांशिवाय सकाळचा चहा गोड लागत नव्हता तिनं वर्षभर मुगाच्या पोळ्यावर दिवस काढले. तोंडातून ब्र काढला नाही. शाबासकी तरी कुणी दिली? छे.

"आज तुमच्यासाठी कचोरी करतेय," त्या म्हणाल्या. "तळायची नाही हं. अप्पेपात्रात, थेंबभर तेलात. शेजारच्या हंसाकडून शिकून आले."

 वजुभाई झोपाळ्यावर बसले, उठले, गॅलरीत गेले, परत आले. पाटा हलेना. आता साधं गॅस झालाय म्हणावं, तर तीही सोय राहिली नव्हती. रात्री मऊ खिचडी, सकाळी फिका चहा, मग गॅस झाला कशानं? पहिला प्रश्न तोच येणार आणि त्याच्या मागोमाग भावनभाईची कढई बाहेर येणार. काय मेलं नशीब, स्वतःच्या घरात माणसाला गॅस व्हायचीही चोरी!

त्यांनी न्हाणीघरात जाऊन जटुभाईंना फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, तुला काही होतंय का. जटुभाईंनी भरघोस ढेकर ऐकवून मला तर झकास वाटतंय असं सांगितलं, वर सोडा पिऊन टाक म्हणाले. वजुभाईंनी खिशातल्या डबीतली छातीदुखीची गोळी जिभेखाली धरली. ही डबी रसीलाबेन रोज आठवणीनं त्यांच्या सदऱ्यात घालत. गोळी विरघळली तसा पाटा जरा हलका झाला. चला, सुटलो, असं म्हणून ते बाहेर आले, वर्तमानपत्र उघडून बसले, आणि बातमी अर्धी वाचून होते न होते तोच पाटा दुपटीनं जड होऊन परत बसला.

मग त्यांना स्वस्थता म्हणून राहिली नाही. पंखा लावला, बंद केला. जबडा दुखायला लागला तर दाढ असेल म्हणून लवंग शोधली. डावा हात भरून आला तर रात्री अंगाखाली सापडला असेल. ऐन थंडीत कपाळाला घाम फुटला तेव्हा मात्र कारण सापडेना. रसीलाबेननी दोनदा विचारलं, काय होतंय. दोन्ही वेळा त्यांनी बूट चावतोय म्हणून सांगितलं.

"बूट पायाला चावतो," त्या सोलता सोलता म्हणाल्या, "तुम्ही खांदा काय चोळताय?"

वजुभाईंनी खांद्यावरचा हात काढून घेतला. दुपारी जेवून थोडं पडू, म्हणजे बरं वाटेल, असं त्यांनी ठरवलं. तोवर कचोरी झाली. रसीलाबेननी ताटलीत चार मांडल्या आणि लहान मुलीसारख्या त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. वजुभाईंनी एक उचलली. आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, की ही खाऊन मी इथंच कोसळलो तर? तर ही बाई उरलेला जन्म याच कचोरीचा विचार करत बसेल. तेल जास्त झालं का, मीठ पडलं का, माझ्याच हातानं घात झाला का. कुणी कितीही समजावलं तरी तिचं समाधान होणार नाही, आणि खरं सांगायला जटुभाई काही यायचे नाहीत.

त्यांनी कचोरी ताटलीत परत ठेवली.

"रसीला, मी रोज भावनभाईकडे गाठिये खातो. आणि छातीत दुखतंय. तळ्यावरून आलो तेव्हापासून."

रसीलाबेनचा चेहरा पांढराफटक पडला. वजुभाई गाठियांबद्दल पुढे काही सांगू लागले, पण रसीलाबेननी ऐकलंच नाही. त्यांना खुर्चीवर बसवून म्हणाल्या, हलायचं नाही, बोलायचं नाही. रुग्णवाहिकेला फोन केला आणि ती येईपर्यंत त्यांच्या छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणखी एक नस बंद पडली होती, ती उघडली. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग आता पहिल्यासारखा काम करणार नाही. गोळ्या वाढतील, चालणंही हळूहळू, विचारून. वेळेवर आले असते तर बरंच वाचलं असतं, असंही त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

रसीलाबेन खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. 

"गाठिये खाल्लेत, त्याचा राग मला येतोच आहे. पण तो जाईल." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "सकाळभर मी तुमच्या समोर बसले होते हो. हाताच्या अंतरावर. तूर सोलत."

वजुभाईंना रडू आलं.  त्यांनी रसीलाबेनचा हात धरला. त्या हाताच्या नखांत अजून तुरीचा हिरवा रंग होता.

"रसीला," ते म्हणाले, "तहान लागलीय. आणि डावा खांदा दुखतोय, थोडासाच, पण दुखतोय."

रसीलाबेन लगेच उठल्या आणि नर्सला बोलवायला गेल्या.