फर्म्याला चिकटलेली लाल लोकर

ऐका ना, वनरक्षकाच्या परीक्षेचं काय झालं ते मी शेवटी सांगणार, आत्ता विचारायचं नाही. आधी घर. घर कळल्याशिवाय परीक्षा कळणारच नाही.

तर आमच्या घरात खाली काकाचा बुटांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, पण काका कारखानाच म्हणतो. वर आईची खोली, तिथे ती लोकांचे पाय दुरुस्त करते. मालिश नाही हं! मालिश म्हटलं की आईचं डोकं फिरतं. ती बॉडीवर्क करते, तीन वर्षं शिकलीये, पायातल्या सव्वीसच्या सव्वीस हाडांची नावं तिला येतात. आणि खालीवर करायला मधे जिना. जिन्यावर मी.

कारण आई आणि काका पाच वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. एकाच किटलीतला चहा पितात, पण बोलायचं ते माझ्यातून. ‘तुझ्या काकाला सांग, ठोकाठोक बंद कर, वर पेशंट पडलाय.’ मी खाली. ‘तुझ्या आईला सांग, मी बूट शिवतो, अंगाई गात नाही.’ मी वर. माझ्या पोटऱ्या दगडासारख्या का आहेत विचारता ना? जिम नाही. जिना.

आणि बाबा? बाबा पेपर वाचतात. सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत वाचतात.

भांडण कशावरून, तर एका हेडमास्तरांच्या बुटांवरून. काकाने त्यांना टोकदार, चकाचक बूट करून दिले होते. ते घालून बघत होते आणि आई पिशवी घेऊन जिना उतरली, बघितलं आणि म्हणाली, ‘‘घाला खुशाल. अंगठा तिरका झाला की वर या, मी आहेच.’’ हेडमास्तरांनी बूट तिथेच काढले आणि गेले. काका चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘‘पाय चोळणाऱ्या बाईने बुटावर बोलू नये.’’ चोळणारी! माझ्या आईला! झालं, तेव्हापासून अबोला.

बरं, एवढ्यावर थांबेल तो काका कसला. सहा महिन्यांत त्याने स्वतःच पातळ तळाचे, पुढे रुंद, टाच नसलेले बूट करायला घेतले. बाहेर पाटी, ‘पायाच्या आकाराचे बूट’. आई म्हणाली, ‘‘चोर. माझी विद्या चोरली.’’ काका म्हणाला, ‘‘पायाला पाच बोटं असतात हे काय तिने शोधून काढलं?’’ हे दोन्ही निरोप मीच पोचवले, जसेच्या तसे. आता वाटतं, थोडे पातळ करून पोचवायला हवे होते.

असो. परीक्षा. बावीस किलोमीटर, चार तास, पाठीवर वजन, आणि चालायचं फक्त. पळालात की बाद. माझी ही शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी मी वयातून जाते. म्हणजे नापास झाले तर मी आयुष्यभर जिन्यावर. हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं ना, की झोपेतसुद्धा चालायचे.

चालत मी मस्त होते, पण सहा किलोमीटर झाले की उजव्या पायात तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे कोणी काडी पेटवून धरल्यासारखं व्हायचं. आईने पाय मांडीवर घेतला, बोटांच्या हाडांमधे अंगठा घातला, मी किंचाळले, ती म्हणाली, ‘‘बूट अरुंद आहेत. दोन हाडं एकमेकांवर येतायत आणि मधली नस चेपतीये. आठ महिने मी हा पाय मोकळा करतीये, बघ जरा.’’ आणि खरंच, माझी करंगळी आता बाकीच्यांपासून लांब उभी राहते, जणू तिचंही कुणाशी तरी वाजलंय. ‘‘तुझ्या काकाला सांग, नवीन माप घे आणि पुढून रुंद कर.’’

मी खाली. काका म्हणाला, ‘‘माप मी दोन वर्षांपूर्वी घेतलंय. उभं करून, पूर्ण वजन टाकायला लावून. बसवून माप घेणारा मी नाही. माझं माप चुकत नाही.’’

‘‘पण आई म्हणते पाय पसरलाय.’’

‘‘पसरलाय म्हणजे बिघडवलाय. पाय आहे का पोळपाटावरचा गोळा?’’

‘‘काका, एकदा बघा तरी!’’

‘‘तुझा फर्मा तोच राहणार. तुझ्या बाबांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.’’ बाबा पेपरात होते, हात ठेवून घेतला.

फर्मा म्हणजे लाकडाचा पाय, त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. माझा फर्मा शाळेपासूनचा. पाय वाढला की काका वरून चामड्याची पट्टी चिकटवायचा, पुन्हा वाढला की अजून एक, त्यामुळे तो फर्मा आता पंक्चर काढून काढून थकलेल्या ट्यूबसारखा दिसतो. हे लक्षात ठेवा, याचं काम आहे पुढे.

मग दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही मी डोळ्यांनी बघितल्या आणि मला काही कळलं नाही, इतकी मी गाढव.

एक. सकाळी मी अंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आले, टॉवेल राहिला म्हणून परत वळले, तर काका बाथरूमच्या दारात गुडघ्यावर, हातात मापाची टेप, माझ्या पावलाच्या ओल्या ठशावर वाकलेला.

‘‘काय करताय?’’

‘‘झुरळ.’’

‘‘टेपने?’’

‘‘मोठं होतं. जा, केस पूस.’’

दोन. दुपारी काका जेवून आडवा होतो, तेव्हा कारखान्यात कोणी नसतं. तर आई कारखान्यातून बाहेर आली. आई! पाच वर्षांत तिने तो उंबरा ओलांडला नव्हता. बोटांना चिकट काहीतरी लागलेलं.

‘‘काय गं आई?’’

‘‘मांजर शिरलं होतं.’’

आमच्याकडे मांजर नाही.

आणि त्याच आठवड्यात बाबांचे लाल लोकरीचे मोजे गायब झाले. रोज पेपराच्या मागून आवाज यायचा, ‘‘माझे लाल मोजे कुणी पाहिले?’’ कुणी उत्तर देत नव्हतं. त्या घरात बाबांना उत्तर द्यायची पद्धतच नाही.

परीक्षेच्या दोन दिवस आधी नवे बूट मिळाले. पातळ तळ, मऊ चामडं, घडी घालून खिशात ठेवा असे. मी घातले आणि पाय आत हलला. म्हटलं, ‘‘काका, सैल आहेत.’’ काका म्हणाला, ‘‘बोटांना जागा लागते. विचार तुझ्या आईला.’’ मी वर गेले, आई म्हणाली, ‘‘मोकळेच हवेत. तुझ्या काकाला एवढं तरी कळलं म्हणायचं.’’ दोघांचं एकमत! पाच वर्षांत पहिल्यांदा! मी इतकी खूश झाले ना, की सैल आहेत हे विसरूनच गेले.

आठव्या किलोमीटरला आठवलं.

तीन-चार अंश उतार होता आणि प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे घसरायचा, मग मागे, पाठीवरचं ओझं वरून दाबतंय, आणि तळव्याच्या गादीखाली फोड आला, मग तो फुटला. काडी पेटल्यासारखं होत नव्हतं हं, ते गेलं होतं. आता अख्खी चूल होती. माझ्या पुढून एक पोरगी गेली, मग दुसरी, मग एक जण वळून म्हणाली, ‘‘चप्पल घालून आलीस का गं?’’ मी तिला जे बोलले ते इथे नको.

नऊ किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. शिक्का मारणाऱ्या बाई आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस, तो अख्खा वेळ घड्याळ बघून तोंड वाकडं करत होता. मी बूट काढला. पाय बघून बाई म्हणाल्या, ‘‘अरे देवा.’’ शिट्टीवाला म्हणाला, ‘‘सोडायची असेल तर इथे सही करा. गाडी येते मागून.’’

आणि मला इतका राग आला! त्याचा नाही. त्या दोघांचा. म्हटलं, एकाने बूट केले, एकीने पाय केला, आणि दोघांच्या मधे मी सही करून गाडीत बसणार?

टेबलाखाली पाण्याच्या बाटल्यांचे रिकामे खोके होते. एक ओढलं, फाडलं, जमिनीवर पसरलं, बाईंचं पेन उचललं आणि पुठ्ठ्यावर उभी राहिले. उभी. पूर्ण वजन टाकून, पाठीवरच्या ओझ्यासकट. वाकून आखायला गेले की वजन सरकायचं, तर बाई स्वतः खाली बसल्या आणि त्यांनी पेन फिरवलं. ‘‘पेन सरळ धरा, आत नका घेऊ,’’ मी काकाच्या आवाजात ओरडले. सुरी नव्हती, घराच्या किल्लीने कापलं. प्रत्येक पायाला दोन थर. मग उरलेल्या पुठ्ठ्याची छोटी घडी केली, सुपारीएवढी. ती कुठे ठेवायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण आठ महिने आईचा अंगठा रोज तिथेच पडत होता. गादीच्या मागे, गादीखाली नाही. मागे ठेवली की पुढची हाडं आपोआप पसरतात.

शिट्टीवाला म्हणाला, ‘‘मॅडम, ही भरती आहे का हस्तकलेचा तास?’’

‘‘शिट्टी वाजवा तुम्ही,’’ मी म्हटलं.

आठ मिनिटं गेली. पण पाय हलत नव्हता. दुखत होता, ते सोडा, दुखणारच, पण बुटात घट्ट बसला होता, आणि मी तेरा किलोमीटर दात आवळून तोडले. चप्पल म्हणणारीला सतराव्याला गाठलं. फक्त बुटांकडे बोट दाखवलं आणि पुढे गेले. शेवटच्या किलोमीटरला पळावंसं वाटत होतं आणि पळायचं नाही, हे काय असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. पास. अरे ओरडू नका, पुढे ऐका!

लंगडत घरी आले. बाबांनी पेपर खाली ठेवला, खरंच ठेवला. काका कारखान्याच्या दारात, आई जिन्यावर, दोघं तय्यार.

काका म्हणाला, ‘‘तुझ्या आईला सांग, बुटांनी पोरगी पास झाली.’’

आई म्हणाली, ‘‘तुझ्या काकाला सांग, बूट आपले आपण चालत गेले नाहीत.’’

मी काहीच सांगितलं नाही. बूट काढले, रक्त लागलेले पुठ्ठे ओढून टेबलावर आपटले. ‘‘हे कशाला घालावे लागले विचारा! एक बोट मावेल एवढी जागा होती आत!’’

काकाचा चेहरा पडला. ‘‘शक्यच नाही. मी फक्त एका मोज्याचं...’’

‘‘कसल्या मोज्याचं?’’

मी कारखान्यात शिरले, फळीवरून माझा फर्मा काढला. करंगळीच्या बाजूला एक नवीन पट्टी, बाकीच्यांसारखीच तपकिरी, मेण चोळून जुनी केलेली. आणि तिच्या कडेला गोंदात अडकलेली लाल लोकर. चांगला बोटभर धागा.

मग कळलं. फर्मा बदलणार नाही अशी बाबांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली, म्हणून या माणसाने फर्म्यावर बाबांचा मोजा चढवला आणि त्याच्यावरून चामडं ताणलं! म्हणजे माप तेच आणि बूट मोठा. आणि त्याच्या आदल्याच दुपारी आईने चोरून पट्टी चिकटवली होती, कारण दीर ऐकणार नाही ही तिची खात्री. दोघांनी एकच चूक दुरुस्त केली. दोनदा. जुन्या पट्ट्यांत तिची नवी पट्टी काकाला दिसली नाही, आणि मोजा तर त्याने नंतर काढूनच ठेवलेला. एक जण जरी म्हणाला असता, ‘मी केलंय’, तरी!

मी फर्मा दोघांच्या मधे धरला आणि ओला ठसा, टेप, मांजर, सगळं सांगून टाकलं. काकाने लोकर बघितली, पट्टी बघितली. आणि पाच वर्षांनी, माझ्याकडे नाही, सरळ आईकडे वळून म्हणाला,

‘‘वहिनी, माझ्या फर्म्याला हात लावलात तुम्ही?’’

‘‘लावला. तुम्ही ठशावरून चोरून माप घेता, ते चालतं?’’

‘‘पट्टी अशी चिकटवतात? कडा तासायला नको? लोकर अडकली!’’

‘‘मोजा चढवून बूट करतात? हेडमास्तर सुटले बिचारे!’’

आणि जे सुटले ना दोघं! पाच वर्षांचं साठलेलं, हेडमास्तर, चोळणारी, चोर, ठोकाठोक, सगळं, आणि मधे निरोप्याची गरज नाही. मी हातात फर्मा धरून उभी, पायातून रक्त, आणि माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. पास झालीस, छान, पाय दाखव, एवढं सुद्धा नाही. बाबा हळूच आले, माझ्या हातातल्या फर्म्यावरची लोकर ओढून बघितली आणि म्हणाले, ‘‘हा माझाच.’’ आणि मग माझ्या पायांकडे बघितलं, आणि बादलीत पाणी आणलं. बाबांनी.

तो परवाचा दिवस. अजून भांडतायत. सकाळी मी निघाले तेव्हा काका जिन्याच्या खालून ओरडत होता आणि आई वरून, आणि दोघांना मी मधे आहे हे माहीतही नव्हतं. उद्या ट्रेनिंगला जायची गाडी आहे. तिथे सरकारी बूट मिळतात, जाड, टोकाला लोखंड. ते बघून दोघांना काय होईल ते होवो, मी घरी कळवणार नाही.

फर्मा मी तिथेच ठेवला. पुठ्ठे घेतलेत.