स्पंजाची टोपी

मित्रांनो, मी एक जुना ध्वनिमापक आहे. नाव भारदस्त असलं तरी घाबरू नका. आवाज किती मोठा आहे ते आकड्यात सांगायचं, एवढंच माझं काम. अंगाने मी टॉर्चएवढा. पुढे धातूचा बारीकसा कान आणि त्या कानावर काळ्या स्पंजाची गोल टोपी. ती बघून लोक हसतात. हसू देत बापडे! टोपीशिवाय मी म्हणजे चष्म्याशिवाय आजोबा.

कारखान्यातून निघालो तो खोक्यात बसून थेट ट्रामच्या कचेरीत आलो. शहरात नवी ट्राम येणार होती. रूळ टाकणारे निराळे, पूल बांधणारे निराळे आणि माझी मालकीण त्याहून निराळी. ती पर्यावरणतज्ज्ञ होती. सगळे तिला पर्यावरणताई म्हणत. कुठलं झाड वाचवता येईल, खोदकामाची धूळ कुणाच्या घरात शिरेल, पाणी कुठे तुंबेल, गाडीचा आवाज कुणाला छळेल, हे सगळं काम सुरू होण्याआधीच शोधायचं आणि त्यावर उपाय सुचवायचा, हे तिचं काम. "ताई आल्या, आता खोडा घालणार," असं काही जण कुजबुजत. माझ्या कानातून सुटतंय होय! ताई मात्र हसून म्हणायची, "अहो, ट्राम मलाही हवीय. फक्त ती आल्यावर कुणाला घर सोडून पळावंसं वाटू नये."

बाहेर पडण्याआधी ती माझ्या कानाला एक छोटी डबी लावायची. डबी एकच सूर काढायची. मी ठरलेला आकडा दाखवला, की "शाब्बास, चला!" म्हणून स्वारी निघायची. त्या शाबासकीसाठी मी जीव टाकायचो, खोटं कशाला सांगू?

असेच एकदा आम्ही ट्रामच्या एका वळणापाशी गेलो. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान होतं. पियानो, व्हायोलिन, गिटार, बेसूर झालेलं कुठलंही वाद्य आणा, हा गृहस्थ डोळे मिटून कान लावायचा आणि सुरात आणून द्यायचा. त्याला सगळे सूरकाका म्हणत. ताईने तिथेही पुन्हा डबी माझ्या कानाला लावलेली बघून काका खूश झाले. "म्हणजे यालाही सुरात लावावं लागतं! हा तर माझ्याच बिरादरीतला निघाला." मग त्यांनी दारातून वळणाकडे बोट दाखवलं. "पोरी, वळणावर गाडी किंचाळली तर माझं दुकान संपलं गं. कान हेच माझं हत्यार. या वयात दुसरीकडे कुठे जाऊ?"

"काका, रुळांखाली जाड रबर घालू, वळणावर वंगणाची सोय करू. आधी इथली शांतता मोजून घेते, म्हणजे कुणाला नाही म्हणता येणार नाही," ताई म्हणाली.

पण मोजणी व्हायच्या आधीच तिच्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि ताई रजेवर गेली. जाताना तिने माझी टोपी धुतली आणि खिडकीजवळच्या दोरीला चिमट्याने अडकवली.

आता ऐका गंमत! कचेरीत एक इंजिनिअर होते. माणूस मनाने चांगला, पण पायाला भिंगरी. आम्ही त्यांना घाईसाहेब म्हणायचो. "आकडे आजच हवेत," म्हणत त्यांनी मला उचललं आणि टोपीशिवायच वळणावर नेऊन उभं केलं. दोन उंच इमारतींच्या मधून वारा नुसता भणाणत होता. तो सरळ माझ्या उघड्या कानात घुसला. मला दुसरं काही ऐकूच येईना. मी आपला ओरडून आकडा सांगतोय आणि साहेब तो लिहून घेताहेत!

झालं. कचेरीत ठरलं, की तिथे आधीच एवढा गोंगाट आहे, ट्रामने काय मोठं बिघडणार? रबर रद्द, वंगण रद्द. काकांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी निमूटपणे वाद्यं खोक्यात भरायला घेतली. मला फार वाईट वाटलं. पण आकड्यांपलीकडे मला बोलता येतं कुठे?

ताई परतली. आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "त्या गल्लीत तर कबुतरांचे पंख ऐकू येतात! हा आकडा आला कुठून?" ती टोपी घ्यायला खिडकीशी गेली आणि थबकली. टोपी होती तिथेच होती. वर चिमट्यापासून खिडकीपर्यंत कोळ्याने आरामात जाळं विणलेलं.

"साहेब, आवाज मोजताना याची टोपी घातली नव्हती?"

"टोपी? ती धूळ बसू नये म्हणून असते ना?"

"धुळीसाठी नाही हो, वाऱ्यासाठी! तुम्ही मोजलात तो वारा."

घाईसाहेबांचा चेहरा पडला. पण खरं सांगतो, त्यांनी सारवासारव केली नाही. दोघं तसेच मला घेऊन वळणावर गेले. वारा तोच, जागा तीच, फक्त डोक्यावर टोपी. मी हळूच खरा आकडा सांगितला. साहेबांनी जुना आकडा खोडून तो लिहिला. मग बैठकीत तेच आधी उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. रबर परत घाला, वंगणही."

रूळ पडेपर्यंत बराच काळ गेला. दरम्यान कचेरीत नवा ध्वनिमापक आला, तरणाताठा, चकाचक. माझी टोपी विरून भुगा झाली होती. मी कपाटाच्या तळाशी जाऊन पडलो. आता भंगारात जाणार, असं वाटून रडूच आलं होतं. पण ट्राम सुरू व्हायच्या दिवशी ताई मला घेऊन सूरकाकांकडे गेली. "काका, तुमच्या बिरादरीतला आहे, तुम्हीच सांभाळा."

काकांनी माझा बोडका कान पाहिला. पियानोच्या आत लावतात ती लाल लोकरीची जाड पट्टी त्यांनी कापली आणि माझ्यासाठी टोपी शिवायला बसले. सुई ओढता ओढता म्हणाले, "ताई, तुझी ती ट्राम यायची कधी? सकाळपासून वाट बघतोय."

ताई दारात उभी होती. म्हणाली, "काका, आत्ताच गेली."

काकांची सुई तशीच हातात राहिली. मग ते जे हसायला लागले, की डोळ्यांतून पाणी आलं.

मित्रांनो, आता मी त्यांच्या फळीवर असतो, लाल टोपी घालून. तुमच्या घरातल्या वस्तूंची झाकणं, टोप्या, पट्टे कुठे तरी भिरकावू नका. त्या कशासाठी आहेत ते माहीत नसेल, तर लाजू नका, विचारा. आणि मला भेटायला याच, ट्रामने या. फक्त आत आलात की हळू बोला. काका काम करताहेत.