उत्तरेच्या भिंतीशी

गावच्या दफनभूमीत बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं उत्तरेच्या भिंतीशी पुरत, वर दगड न ठेवता. इशबेलची मुलगीही तिथेच होती. बाळंतिणीला कुणी दफनाला नेत नसे, नवऱ्याने पेटी नेली आणि परत येऊन सांगितलं, "फाटकापासून भिंतीकडेने सोळा पावलं."

पुढे दोघं ग्लासगोला गेली. बारा वर्षांनी ती एकटीच, विधवा होऊन परतली आणि तेव्हापासून दर रविवारी सोळा पावलं मोजत आली. आता म्हातारपणी तिला स्वतःच्या कबरीसाठी लेकीशेजारीच जागा हवी होती.

सोळाव्या पावलावर उभं राहून कबरी खणणाऱ्या टॉर्क्विलने दफनभूमीचा नकाशा पुन्हा उलगडून पाहिला.

"काय रे, मावत नाही की काय मी?"

"मावशी, तुम्ही नव्हता तेव्हा फाटक हलवलंय. हा कोपरा नंतर शेतातून घेतला. इथे कुणालाच पुरलेलं नाही."

"मग जुन्या फाटकापासून मोज."

"ते कुठे होतं, याची नकाशात खूणच नाही. माहीत असलेलंही कुणी उरलं नाही."

इशबेलने त्या लांबलचक भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"मग इतकी वर्षं मी बोलत कुणाशी होते रे?"

टॉर्क्विल नकाशाची घडी घालू लागला.

"कुठेही खण," ती म्हणाली.