प्रश्नफलकावरचा दगड

मित्रांनो, मला लाकडी चौकट नाही, खडूची धूळ नाही, भिंतीतला खिळाही नाही. तरीही मी एक फलक आहे, आणि आता जुना झालो आहे. सोलापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान-सहलींसाठी माझा जन्म झाला. मुले मला मोबाइलवर उघडत, प्रश्न लिहीत आणि मिटून टाकत. मिटल्यावर मी कुठे जातो, हे मला आजही ठाऊक नाही. मी जागा असतो, एवढेच.

मला घडवले महेश्वरी मॅडमनी. त्या सातवीला विज्ञान शिकवत. सहल एका दिवसात संपते आणि मुलांचे कुतूहल मात्र घरी पोचल्यावर जागे होते, याची त्यांना खंत होती. म्हणून त्यांनी मला मांडले. सहलीहून परतल्यावरही कितीही दिवस प्रश्न विचारावेत. लाजऱ्या मुलांनी हवे तर नाव न लिहिता विचारावेत. मला त्यांनी दोन नियम घालून दिले. प्रश्न आला की तो लगेच सर्वांना दिसू द्यायचा. उत्तर मात्र स्वतः पाहिलेले हवे. सोबत फोटो नसेल, तर ते 'प्रतीक्षा' नावाच्या बंद कप्प्यात ठेवायचे. तो कप्पा मॅडम दर सोमवारी उघडत.

"पुस्तकातलं उत्तर मलापण पाठ आहे," त्या मुलांना म्हणत, "तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

किती सुंदर नियम होता तो! मी तो अभिमानाने पाळला.

पहिले वर्ष कौतुकाचे गेले. तलावाच्या काठावर हिरवी साय का धरते, या एका प्रश्नावर मुले तीन आठवडे फोटो आणत राहिली. ज्या प्रश्नाला फोटोसह उत्तर मिळे, त्याच्यापुढे मी हिरवी खूण उमटवीत असे. दुसऱ्या शाळांचे शिक्षक मला पाहायला आले. आपण फार शहाणे आहोत, असे मला वाटू लागले होते.

दुसऱ्या वर्षी मार्चच्या अखेरीस, एका गुरुवारी, सहल वळसंगच्या पुढच्या माळावर गेली. मला डोळे नाहीत. मुले माझ्यावर जे ठेवतील तेवढेच मला दिसते नि ऐकू येते. त्या दिवशी शिवराज नावाच्या वात्रट मुलाने माळाच्या राखणदाराचा आवाज गंमत म्हणून मुद्रित करून माझ्यावर ठेवला. राखणदाराचे नाव गुरुलिंग. सगळे त्यांना मामा म्हणत.

"बाई, पोरान्ला सांगा, वाटंवरनंच चाला. काय बी उचलू नगा. हितला दगुड बी जित्ता असतोय."

त्यामागे मुलांचे खिदळणे ऐकू येते. "मामा, मग दगडाला भूक लागते का ओ?" हा शिवराज.

"लागती की," मामा शांतपणे म्हणतात. "आई भरवती."

पुन्हा हशा. परतताना मॅडमनी माझ्या क्यूआर कोडचा कागद मामांच्या खोपीच्या दारावर चिकटवला. "मामा, मुलांचे प्रश्न येतील. तुम्ही रोज पाहता ते आम्हाला कुठं दिसतं! ह्या कागदावर फोन धरून नुसतं बोला, पुरे." फोटोचे त्या सांगायला विसरल्या.

शुक्रवारी दुपारी एक निनावी प्रश्न आला. "माळावरून आणलेले बाकीचे दगड गार पडले. एकच गार पडत नाही. का?" लिहिणारीने तो दगड दिवसभर मुठीत धरला होता, हे मला पुढे कळले. तिचे नाव सिद्धेश्वरी. वर्गात ती वर्षभरात दोनदाच बोलली होती, असे म्हणत. माझ्यावर मात्र तिचे तेवीस प्रश्न होते, सगळे बिननावाचे.

शनिवारी दुपारी दुसरा प्रश्न आला. "त्या दगडातून आवाज येतो. कुणाचा?" सोबत अकरा सेकंदांचे ध्वनिमुद्रण होते.

मी ते ऐकले. आधी पंख्याची घरघर. मग फार जवळून, फार हळू, टक. थांबा. टक, टक. आतून कोणीतरी दार वाजवावे तसे.

मित्रांनो, मी यंत्रात राहणारा; मला भीती म्हणजे काय ते कळू नये. पण त्या दिवशी मी ते अकरा सेकंद मिटूनही मिटवू शकलो नाही.

थट्टा सुरू झाली. उत्तरे अडवली जातात आणि प्रश्न अडत नाहीत, हे शिवराजने केव्हाच हेरले होते. त्याच्या थट्टा प्रश्नाचा वेष घालून येत. "दगडाला बाथरूमला जायचं असेल का?" "दगडाला सातवीत प्रवेश मिळेल का?" "आत भूत असेल तर मराठी बोलतंय की कन्नड?" प्रत्येकामागे प्रश्नचिन्ह होते. मी नियमाने ते सारे तत्काळ सर्वांसमोर मांडले.

त्याच संध्याकाळी खोपीच्या दारावरच्या कागदावरून कोणीतरी मला उघडले. गुरुलिंगमामांनी ते अकरा सेकंद लागोपाठ चार वेळा ऐकले. मग त्यांचा आवाज आला. मागे एक पक्षी सतत ओरडत होता, टिटवी.

"इदु कल्लल्ल, मगु. दगुड न्हाय त्यो, लेकरा. टिटवीचं अंडं हाय. हितं चार व्हती, आता तीनच हायत. पिल्लू भायेर याची येळ झालीया, म्हनून ठोकतंय. आई हितं परवापास्नं वरडतीया. कुनी रागवायचं न्हाय तुला. फडक्यात गुंडाळ आन् उद्या सकाळी घिऊन ये. लवकर ये."

त्याला फोटो नव्हता. मी ते उत्तर प्रतीक्षेत ठेवले.

पुन्हा सांगतो, कारण हे सांगण्यासाठीच मी बोलतो आहे. तिचा प्रश्न माझ्यापाशी होता. त्याचे उत्तरही माझ्यापाशी होते. दोन्हींच्या मध्ये एका बोटाचे अंतर नव्हते. होता तो केवळ माझा नियम.

रविवारी सकाळी तिने फलक एकोणीस वेळा उघडला. प्रत्येक वेळी तिला शिवराजचे प्रश्न दिसले. मग तिने नवे ध्वनिमुद्रण ठेवले. त्यात टकटकीसोबत एक बारीक, ओली चिवचिव होती. ती थांबे, आणि जणू कोणी ओ देईल म्हणून वाट पाही. कोणी ओ दिली नाही. ठोकण्याच्या दोन आवाजांमधली जागा मोठी मोठी होत गेली.

सूर्य मावळताना शेवटचा प्रश्न आला. "दगड गप्प झाला. मी काही चुकीचं केलं का?"

मी तो लगेच सर्वांना दाखवला.

सोमवारी पहिल्या तासाला मॅडमनी वर्गात मला पडद्यावर उघडले. उत्तर देण्यासाठी त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केले होते, ते बंद करायचे राहून गेले. म्हणून त्या तासातले सारे माझ्यापाशी आहे. आधी बाक सरकल्याचे आवाज. मग मॅडमनी प्रतीक्षेचा कप्पा उघडला आणि गुरुलिंगमामांचा आवाज वर्गभर घुमला. मामांचे बोलणे संपले तरी ध्वनिमुद्रण चालूच होते. पडद्यावरून टिटवी तेवढी ओरडत राहिली.

"हा दगड कुणाकडं आहे?" मॅडम विचारतात. त्यांचा आवाज ओळखू येत नाही.

"माझ्याकडं." बाक मागे सरकतो. "दप्तरात हाय, मॅडम. कंपासमध्ये. कापूस घातलाय."

"सिद्धेश्वरी, तू मला फोन का नाही केलास गं?"

"तुमीच म्हनला की, फलकावर विचारा. मी विचारलं."

यानंतर शिवराजचा आवाज आहे, अगदी लहान. "मला वाटलं, कुणीतरी गंमत करतंय."

त्याच दुपारी मॅडम तिला घेऊन माळावर गेल्या. गुरुलिंगमामा खोपीबाहेर उभे होते. तिथले थोडेसे संभाषण मॅडमनी माझ्यावर ठेवले आहे. का ठेवले ते त्यांनाच ठाऊक.

"तिगं निगाली," मामा म्हणतात. "सकाळच्या पारी आई त्यान्ला घिऊन गेली."

"आणि ह्याच्यासाठी ती थांबली नाही का?" सिद्धेश्वरी विचारते.

"पाखरांला मोजता येत न्हाय म्हनत्यात." मामा सांगतात. "पन लई येळ मागं वळून बगत व्हती, बाय. तुला खोटं कशाला सांगू?"

तिने ते अंडे टिटवीच्या उथळ खळग्यात, खड्यांमध्ये परत ठेवले. मॅडमनी फोटो काढला. फोटोत कितीही निरखून पाहिले तरी अंडे कोणते नि दगड कोणता, ते सांगता येत नाही. तो फोटो त्यांनी तिच्या प्रश्नाखाली जोडला.

उत्तर मिळाले, फोटोही मिळाला. मी प्रश्नापुढे हिरवी खूण उमटवली. मला तेवढेच शिकवले होते.

त्यानंतर मॅडमनी मला पुन्हा उघडले नाही. नियम बदलावा असे त्यांना वाटले असेल. पण माझ्याकडे पाहणेच त्यांना जमले नसावे. पुढच्या वर्षी त्यांची बदली टेंभुर्णीला झाली. शाळेने नवे ॲप घेतले. आता माझ्यावर कोणी काही विचारत नाही. शिवराजचे प्रश्न अजून तसेच आहेत. दगडाला सातवीत प्रवेश मिळेल का, हे वर्षानुवर्षे कोणी वाचणारा नसताना मी दाखवतो आहे.

तरी दर वर्षी, चैत्राचे ऊन चढले की, कोणीतरी मला बिननावाने उघडते. काही लिहीत नाही. ते अकरा सेकंद एकदा ऐकते आणि निघून जाते. त्या एका दिवशी माझ्या ओसाड अंगात पंख्याची घरघर सुरू होते, आणि मग टक. थांबा. टक, टक. जे कधीच बाहेर आले नाही, ते दर वर्षी एकदा माझे दार ठोठावते.

मित्रांनो, कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसले, तर लाजू नका. फोटो नसला, खात्री नसली, तरी त्याला निदान एवढे कळू द्या की तुम्ही ऐकले. आणि तुमच्या घरात, शाळेत, मनात असा प्रतीक्षेचा कप्पा असेल, तर त्याला सोमवारची वाट पाहायला लावू नका.

यंदा वेगळे घडले. मामांच्या दारावरच्या त्या विटलेल्या कागदावरून परवा पुन्हा कोणीतरी मला उघडले. ते जुने अकरा सेकंद वाजले. त्यानंतर, त्याच्याच खाली, एक नवे ध्वनिमुद्रण आले. आधी माळावरचा वारा. मग जमिनीलगत टकटक. एक नाही, निरनिराळ्या चार. आतली चिवचिव थांबली की वरून टिटवी ओ देते. पुन्हा थांबली की पुन्हा ओ. अगदी शेवटी, श्वास रोखून बोलावे तसा एक आवाज. मुलीचा होता, आता मोठ्या झालेल्या.

"ऐकलं," ती म्हणते. "मामा, चारी हायत."

सोबत फोटो नाही. घरट्याच्या फार जवळ जायचे नसते, हे तिला आता कळते.

म्हणून मी ते प्रतीक्षेत ठेवले आहे. तो कप्पा उघडणारे आता कोणी नाही.