गंगुबाईंची चुंबळ

"नुसतं डोळ्यांनी बघू नकोस. बोटाने दाबून बघ. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं, तर अजून वेळ आहे. रंग हललाच नाही, तर आत सुरू झालंय."

पडून राहिलेल्या माणसाची पाठ कशी तपासायची, हे आसावरी सिस्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. काळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हाताला ऊब लागते का बघायचं, असंही. वैशाखात त्या माजिवड्याच्या एका इस्पितळात लागल्या. तेव्हापासून आंबिवलीच्या आमच्या वृद्धाश्रमाला सिस्टर नाही. डॉक्टर शनिवारी येतात. बाकीचे दिवस सेवेला मी आणि रसिका, ऑफिसात सुधीर सर.

गंगुबाई खाटेवरून उठू शकत नाहीत. उभा जन्म मिठागरात गेला. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने कातडी काळीभोर झालेली. आल्या त्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"माजे दादल्याची पाठ कुजली गो बाय. मना तशी कुजवू नको."

मी जपमाळेला हात लावून हो म्हटलं.

श्रावणात त्यांना माकडहाडाशी दुखायला लागलं. म्हणाल्या, चुंबळ करून दे. डोक्यावर मिठाची पाटी घेताना चुंबळीच्या गोल कापडी वेढ्यानेच त्यांना सांभाळलं होतं, मग अंगाखाली का नको? मला पटलं. माझं सगळ्यात मऊ जुनं पातळ फाडून, पूजा झाल्यावर नाम घेत घेत मी ती वळली. रोज उकलून धुवायची, वाळवून पुन्हा वळायची. तोही एक नेमच झाला. गंगुबाई तिच्यावर शांत पडून राहायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायला गेलं की नको म्हणायच्या. हळूहळू आम्हीही त्यांना पडू द्यायला लागलो.

आज गुरुवार. गुरुवारी दुपारच्या आरतीपर्यंत माझं मौन असतं.

"मावशी सायलेंटवर आहेत," रसिका बादली ठेवत म्हणाली. "आज्जी, तुम्ही तरी बोला. दुखतंय का?"

"काल दुखत व्हतं. आज काय नाय," गंगुबाई हसल्या.

माझा पंचा पिळणारा हात थांबला. दुखणं असं एकाएकी गेलं, म्हणजे तिथली जाणीवच गेली असेल.

मी त्यांना कुशीवर वळवलं, चुंबळ काढली. कातडीवर तिचे पीळ गोल उमटलेले. आणि मधोमध, जिथे काही टेकत नाही म्हणून मी निश्चिंत होते, तिथे जांभळट सावली. भोवती कडक, तापलेलं. मधे बोट ठेवलं तर पिकल्या फळासारखं आत जायला लागलं. हलकेच दाबलं. रंग हलला नाही. मी प्रेमाने घातलेल्या वेढ्यानेच मधलं रक्त अडवलं होतं.

रसिकाने तेलाची वाटी उचलली. मी तिचा हात धरला. अशा जागी चोळायचं नाही, हेही सिस्टरांनी सांगितलं होतं.

"काय झालं? मी आलेली तेव्हा झोपलेल्या त्या, म्हणून नाही हलवलं," ती म्हणाली. मग वाकून बघितलं आणि आवाज उतरला. "शनिवारी डॉक्टर बघतील ना?"

घरच्यांना उगाच फोन करायचे नाहीत, असं सरांनी मागेच बजावलेलं. शनिवारला दोन दिवस होते. आरतीला पावणेदोन तास. बावीस वर्षांत हे मौन मोडलं नव्हतं; सासरे गेले त्या गुरुवारीही नाही.

मी पाठीशी उशी लावून गंगुबाईंना कलतं ठेवलं, हाड कुठे टेकणार नाही असं.

"माजी चुंबल कुठं न्हेलीस गो?" त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

मी मनातल्या मनात हात जोडले.

"आता ती नको, गंगुबाई. तिच्यानेच दुखलंय. चूक माझी."

रसिका दचकून बघत राहिली.

"यांना पाठीवर येऊ देऊ नकोस," मी तिला म्हटलं. "आणि तेल ठेव खाली."

सर विचारतील, कोणी केलं. ते आधी सांगायचं. मग डॉक्टरांना आजच बोलवा म्हणायचं, गंगुबाईंच्या मुलाला फोन लावा म्हणायचं, आणि ते हो म्हणेपर्यंत दारातून हलायचं नाही. चुंबळ हातातच होती, अजून कोमट. ती पदराखाली न झाकता मी ऑफिसकडे निघाले.